नवा टी.व्ही. की नवा डबा?

"सर, नवा टी.व्ही. घ्यायचा आहे. आता सगळं डिजिटल झालंय म्हणतात. कोणता घेऊ?" गावातल्या विज्ञानाच्या शिक्षकाला हा प्रश्न हमखास विचारला जातो. डहाणू-तलासरी भागात तो विचारणाऱ्याच्या खिशात बहुधा मिठागर, वीटभट्टी, बोट किंवा चिकूची वाडी यांतल्या एका हंगामाची कमाई असते. दुकानदाराचे उत्तर ठरलेले असते. आपले उत्तर मात्र विज्ञानातून यायला हवे. त्यासाठी भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही. नववी-दहावीतली भूमिती, थोडा प्रकाश आणि थोडी वीज एवढ्यावर काम भागते.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करू. प्रक्षेपण डिजिटल होणे आणि टी.व्ही. बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या दोहोंची गल्लत झाल्यामुळे चालते संच भंगारात गेले आणि नको ते संच घरात आले.

काय बदलले?

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वरळीच्या सुमारे ३०० मीटर उंच मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी घरावरचा काड्यांचा ॲन्टेना पकडत असे. या पद्धतीला भूप्रक्षेपण म्हणतात. ते ॲनालॉग होते, म्हणजे चित्रातला उजेड जसा कमीजास्त होईल तशी लहरही कमीजास्त होत असे.

पुढे तीन बदल झाले. पहिला, १६ डिसेंबर २००४ रोजी दूरदर्शनने उपग्रहावरून थेट घरात येणारी विनाशुल्क डिजिटल सेवा सुरू केली. तीच आजची डी.डी. फ्री डिश. दुसरा, २०११ साली केबल कायद्यात दुरुस्ती होऊन केबलचे प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने डिजिटल करण्याचे ठरले. मुंबईसारखी महानगरे पहिल्या टप्प्यात, म्हणजे २०१२ मध्ये आली. उरलेल्या शहरी भागासाठी ३१ डिसेंबर २०१५ ही मुदत होती. ग्रामीण भागासाठीची ३१ डिसेंबर २०१६ ही मुदत पुढे ३१ मार्च २०१७ पर्यंत वाढवली गेली. डहाणू शहर आणि त्याभोवतीचे पाडे अशा रीतीने वेगवेगळ्या टप्प्यांत आले. तिसरा, २०२१-२२ च्या सुमारास प्रसार भारतीने देशातली जवळजवळ सगळी ॲनालॉग भूप्रक्षेपण केंद्रे बंद केली. मोक्याच्या ठिकाणची थोडी तेवढी ठेवली.

म्हणून छपरावरच्या जुन्या काड्यांना आता काही मिळत नाही. टी.व्ही. बिघडलेला नसतो, त्याच्याकडे येणारा संदेशच थांबलेला असतो.

क्षितिजापलीकडचे गाव

डहाणूकरांच्या बाबतीत काड्यांचा ॲन्टेना कधीच सुखाचा नव्हता. त्याचे कारण पृथ्वीच्या गोलाईत आहे. भूप्रक्षेपणाच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. h मीटर उंचीवरून दिसणारे क्षितिज सुमारे ३.५७ × √h किलोमीटरवर असते. हवेच्या थरांत लहरी किंचित वाकतात, म्हणून त्यांच्यासाठी ३.५७ ऐवजी ४.१ घ्यावे. ३०० मीटरच्या मनोऱ्यासाठी हे अंतर सुमारे ७१ कि.मी. येते. घरावर १० मीटर उंच खांब उभारला तर त्याचे १३ कि.मी. मिळवू. बेरीज झाली ८४. वरळीपासून डहाणू सरळ रेषेत सुमारे ११० आणि तलासरी सुमारे १२५ कि.मी. आहे. म्हणजे वरळीच्या मनोऱ्यावरच विसंबायचे म्हटले तर दोन्ही तालुक्यांची गावे क्षितिजापलीकडे आहेत. उंच बांबू, बूस्टर आणि पडद्यावरच्या मुंग्या हे सगळे या गणितातून येते. एखाद्या दिवशी, विशेषतः पावसाळ्याआधी, समुद्रावर उष्ण हवेचा थर गार हवेवर पसरतो. मग लहरी जास्त वाकतात आणि चित्र अचानक स्वच्छ दिसते.

२०१६ साली मुंबईसह देशातल्या १६ शहरांत डिजिटल भूप्रक्षेपण सुरू झाले. पण संदेश डिजिटल झाला म्हणून पृथ्वीची गोलाई कमी होत नाही. उपग्रहाचे तसे नाही. तो क्षितिजाच्या बराच वर असतो आणि डहाणूच्या बंदरावर जसा दिसतो तसाच तलासरीच्या डोंगराळ पाड्यावरही दिसतो.

डिजिटल म्हणजे काय? एक खेळ

वर्गात हा खेळ घ्या. भिंतीवरच्या वारली चित्रातली एक आकृती घ्यावी: दोन त्रिकोण, वर गोल डोके, काड्यांचे हातपाय. एका मुलाने ती पाहून काढायची, दुसऱ्याने पहिल्याची पाहून, तिसऱ्याने दुसऱ्याची पाहून. दहाव्या मुलापर्यंत आकृती ओळखू येईनाशी होते. प्रत्येक हाताची चूक पुढच्याकडे जाते. ही ॲनालॉग पद्धत.

आता तीच आकृती आलेखाच्या कागदावर काढा. आकृतीने व्यापलेला चौकोन म्हणजे १, रिकामा चौकोन म्हणजे ०. मुलाने एकेक ओळ वाचून दाखवायची आणि दुसऱ्याने चौकोन भरायचे. दहाव्या मुलाकडेही हुबेहूब तीच आकृती पोचते. आवाज थोडा अस्पष्ट असला तरी "शून्य" आणि "एक" यांत घोटाळा होत नाही. ही डिजिटल, म्हणजे अंकीय पद्धत.

मुले लवकरच स्वतःहून युक्त्या काढतात. "शून्य, शून्य, शून्य..." असे चाळीसदा म्हणण्याऐवजी ती "चाळीस रिकामे" म्हणतात. यालाच संकोचन म्हणायचे. तारपा नाचाचे चित्र पाठवायचे असेल तर मागचा डोंगर आणि झोपडी दर वेळी पाठवायची गरज नाही, जे हलले तेवढेच सांगावे. टी.व्ही.साठी हे किती आवश्यक आहे ते पाहा. साध्या दर्जाच्या एका चित्रात ७२० × ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ अंक आणि सेकंदाला २५ चित्रे. गुणाकार सुमारे २५ कोटी होतो. संकोचनानंतर तो साधारण तीस-चाळीस लाखांवर येतो. म्हणून पूर्वी जिथे एक वाहिनी मावत असे तिथे आता दहा-वीस मावतात.

दुसरी युक्ती चूक पकडण्याची. प्रत्येक ओळीच्या शेवटी "भरलेले चौकोन सम" किंवा "विषम" एवढे सांगायचे. हिशोब जुळला नाही तर त्या ओळीत गडबड आहे हे कळते. प्रत्यक्ष प्रक्षेपणात यापेक्षा पुष्कळ चतुर गणित वापरतात, त्यातून चूक कळते आणि दुरुस्तही होते. मात्र चुका एका मर्यादेपलीकडे गेल्या की दुरुस्ती जमत नाही. मग चित्राचे चौकोनी तुकडे होतात आणि लगेच पडदा कोरा होतो. ॲनालॉग चित्र हळूहळू मुंग्यांनी भरत जाई. डिजिटल चित्र एक तर स्वच्छ असते, नाही तर नसते. म्हणून "डिजिटल टी.व्ही. घेतला की चित्र सुधारेल" हे खरे नाही. चित्र येते की नाही हे छत्रीवर ठरते.

छत्री कुठे पाहते?

फ्री डिशचा उपग्रह, जीसॅट-१५, विषुववृत्तावर ९३.५° पूर्व रेखांशावर सुमारे ३६,००० कि.मी. उंचीवर आहे. डहाणू जवळजवळ २०° उत्तर अक्षांश आणि ७२.७° पूर्व रेखांशावर आहे. यावरून गणित केले तर दिशा उत्तरेपासून उजवीकडे १३२°, म्हणजे जवळपास आग्नेय, आणि क्षितिजापासूनची उंची सुमारे ५७° येते. तलासरीसाठी फरक नगण्य. शाळेतले होकायंत्र आणि कोनमापक यांनी हे मोजता येते. छत्रीचा कल मोजाल तर मात्र ५७° येणार नाही. घरगुती छत्रीचा ग्राहक, म्हणजे एल.एन.बी., मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो. त्यामुळे छत्री दिसते त्यापेक्षा बरीच वर पाहत असते.

या बाजूला चिकूचे झाड नको. चिकू बारमाही दाट पानांचा असतो आणि ओली पाने या लहरी शोषतात. ५७° कोनासाठी झाडाची छत्रीपासून वरची उंची भागिले १.५ एवढे तरी अंतर हवे. छत्रीपेक्षा १० मीटर उंच झाड निदान ७ मीटर दूर असावे. मोजमाप न करताही तपासता येते. २ ऑक्टोबरच्या सुमारास सकाळी १० वाजून ५० मिनिटांनी आणि १२ मार्चच्या सुमारास ११ वाजून १० मिनिटांनी सूर्य नेमका उपग्रहाच्या दिशेला येतो. त्या वेळी छत्रीच्या जागेवर ऊन असेल तर वाट मोकळी, सावली असेल तर अडलेली. त्याच दिवसांत काही मिनिटे चित्र जाते, कारण सूर्याच्या स्वतःच्या लहरी उपग्रहाचा क्षीण संदेश बुडवतात. हा बिघाड नाही.

मुसळधार पावसात चित्र जाते तेही असेच. या लहरींची लांबी पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास असते. काही मिलिमीटरचे थेंब त्यांना शोषतात व विखुरतात. पाऊस ओसरला की चित्र परत येते. नवा टी.व्ही. घेऊन हा त्रास जात नाही. ६० सें.मी.ऐवजी ९० सें.मी.ची छत्री लावली तर लहरी गोळा करणारे क्षेत्रफळ सव्वादोन पट होते आणि त्रास कमी होतो.

या भागात आणखी एक गोष्ट आहे. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी आणि परिसरात भूकंपाच्या लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांतल्या एकाची तीव्रता ४ च्या वर गेली. ६० सें.मी.च्या छत्रीची नजर सुमारे ३° रुंद असते. तिची एक कड दुसरीच्या तुलनेत दोन सेंटिमीटर पुढेमागे झाली तरी दिशा २° बदलते आणि चित्र जाऊ शकते. म्हणून धक्क्यानंतर चित्र गेले तर आधी छत्रीचे बोल्ट पाहावेत. किनाऱ्यावर ते खाऱ्या हवेने गंजतात, त्यांना ग्रीस लावावे. नवा पातळ टी.व्ही. दोन लहान पायांवर उभा असतो, तो सहज पुढे कोसळतो. लहान मुले खाली झोपत असतील तर तो भिंतीला किंवा खांबाला पट्टीने बांधावाच. कुडाच्या भिंतीवर खिळे ठोकून मात्र टांगू नये.

आता टी.व्ही. निवडू

पहिला प्रश्न: जुना टी.व्ही. चालू आहे का? मागे पिवळे, पांढरे, लाल असे तीन गोल खाच असतील तर सेट टॉप बॉक्स जोडून तो आजही चालतो. डब्याचे काम हेच, अंकीय संदेशाचे जुन्या संचाला समजेल असे चित्र करून देणे. डबा मात्र एमपेग-४ समजणारा हवा. जुने डबे फक्त एमपेग-२ समजतात, त्यामुळे काही वाहिन्या त्यांत दिसत नाहीत.

दुसरा प्रश्न: संचात कोणता ग्राहक आहे? खोक्यावर "डी.व्ही.बी." आणि पुढे एक अक्षर असते. "टी" म्हणजे भूप्रक्षेपण, "सी" म्हणजे केबल, "एस" म्हणजे उपग्रह. "टी" असलेल्या संचाचा या दोन तालुक्यांत उपयोग नाही हे वरच्या गणितावरून लक्षात येईल. "एस" असेल तर छत्रीची तार सरळ टी.व्ही.ला जोडता येते आणि विनाशुल्क वाहिन्यांसाठी वेगळा डबा लागत नाही. अशा संचांसाठी भारतीय मानक ब्यूरोने आय.एस. १८११२ : २०२२ हे मानक प्रसिद्ध केले आहे. पैसे भरून पाहण्याच्या वाहिन्यांना त्या कंपनीचा डबा लागतोच.

तिसरा प्रश्न: ठिपके किती हवेत? निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागापेक्षा लहान तपशील वेगळा दिसत नाही. म्हणजे ३.४ मीटरवरून १ मिलिमीटर. ३२ इंची पडदा सुमारे ७१ सें.मी. रुंद असतो. १३६६ ठिपक्यांच्या "एच.डी. रेडी" संचात एक ठिपका अर्धा मि.मी. येतो. पावणेदोन मीटरपलीकडून तो वेगळा दिसत नाही. "फुल एच.डी."साठी (१९२० ठिपके) हे अंतर सव्वा मीटर आणि "फोर के"साठी (३८४० ठिपके) केवळ ६३ सें.मी. आहे. घरात आपण दोन-अडीच मीटरवर बसतो. म्हणजे ३२ इंची "फोर के"साठी जास्त पैसे देणे म्हणजे डोळ्यांना न दिसणारे ठिपके विकत घेणे. शिवाय येणारे चित्र ७२० × ५७६ चे असेल तर पडद्यावर कितीही ठिपके असले तरी नवा तपशील निर्माण होत नाही. आणखी एक: "स्मार्ट" संचाचे शहाणपण इंटरनेटवर अवलंबून असते. पाड्यावर मोबाइलची रेंज नसेल तर तो साधाच संच ठरतो.

चौथा प्रश्न: वीज किती? ५० वॅटचा संच रोज ५ तास चालला तर पाव युनिट. जुना ८० वॅटचा संच त्याच वेळात ०.४ युनिट घेतो. महिन्याचा फरक साडेचार युनिट. पण १० वॅटचा डबा चोवीस तास चालू राहिला तर तोही रोज ०.२४ युनिट घेतो, म्हणजे नव्या टी.व्ही.इतकेच! रिमोटने बंद केलेले पुष्कळ डबे जवळपास तेवढीच वीज घेत राहतात. भिंतीवरचे बटण बंद करणे ही फुकटची बचत आहे. संचाच्या पाठीवरची दाबाची मर्यादाही वाचावी. "१०० ते २४० व्होल्ट" लिहिले असेल तर संध्याकाळी दाब उतरला तरी तो चालतो.

शाळेसाठी

शाळेला निवड करताना गणित उलटे होते. ठिपक्यांपेक्षा आकार महत्त्वाचा. शेवटचा बाक ६ मीटरवर असेल तर आरामात वाचता येणारे अक्षर सुमारे साडेतीन सें.मी. उंच हवे. दोन ओळींत तेवढेच अंतर सोडले तर ३२ इंची पडद्याच्या ४० सें.मी. उंचीत पाच-सहा ओळी मावतात, ५५ इंचीत नऊ-दहा. पडदा लहान असेल तर मुले जवळ बसवावीत.

जुलै २०२० मध्ये शाळा बंद असताना पहिली ते आठवीसाठी "टिलीमिली" ही मालिका सह्याद्री वाहिनीवरून दाखवली गेली. त्यानंतर पी.एम. ई-विद्या योजनेखाली इयत्तावार शैक्षणिक वाहिन्या फ्री डिशवर आल्या. मोबाइलची रेंज नसलेल्या पाड्यावरही उपग्रहाचा संदेश पडतच असतो. मध्ये उरतात त्या चार गोष्टी: छत्री, डबा, पडदा आणि वीज. या चारांत पडदा सर्वांत महाग आणि बहुधा सर्वांत कमी अडचणीचा. पैसे थोडे असतील तर ते आधी छत्री, तार आणि डबा यांवर खर्च करावेत.

जुन्या संचाचे काय?

पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असते. ते क्ष-किरण अडवण्यासाठी घातलेले असते. ट्यूबमध्ये निर्वात पोकळी असते, म्हणून ती फुटताना काचा जोराने उडतात. तांब्याच्या तारेसाठी ट्यूब फोडून काच ओढ्यात टाकणे हे दुहेरी संकट आहे. डहाणू तालुका जून १९९१ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केलेला आहे. तिथे तर हे मुळीच होऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार जुन्या उपकरणांच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवरही आहे. नवा संच घेताना दुकानदाराला जुना परत घेण्याविषयी अवश्य विचारावे.

विद्यार्थ्यांसाठी काम

गावातल्या वीस घरांची पाहणी करा. छत्री कोणत्या दिशेला आहे, मध्ये झाड आहे का, डबा एमपेग-४ चा आहे का, पाहणारे किती अंतरावर बसतात, टी.व्ही. बांधलेला आहे का, एवढे पाच रकाने पुरेत. ज्या घरी "टी.व्ही. बिघडला" असे सांगतील तिथे आधी जोडण्या आणि डब्याच्या मेनूतली "सिग्नल क्वालिटी"ची पट्टी पाहा. पट्टी शून्यावर असेल तर दोष छत्रीकडे आहे. पट्टी भरलेली असूनही पडदा कोरा असेल तर दोष छत्रीकडे नसून पुढे, बहुधा डब्यात असतो. किती घरांना खरोखर नवा टी.व्ही. हवा होता आणि किती घरांचे काम पान्याच्या एका फेऱ्यात झाले, याची नोंद ठेवा आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवा.